आधी अट, मग मोजणी



जालना म्हणजे बियाण्यांचं गाव.
पेरणीचा हिशेब तुम्हाला काय सांगायचा?
पण एक हिशेब हमखास चुकतो.

मृग बरसला.
आता पाऊस ओढ देईल का?

समजा, मागची 20 वर्षं आठवली.
त्यांतल्या 10 वर्षांत मृग बरसला.
आणि त्या 10 पैकी 6 वर्षांत पुढे पावसाने दडी मारली.
दुबार पेरणी आली.

मग धोका किती?
बरेच जण म्हणतात, 20 पैकी 6.

नाही.
यंदा मृग बरसलाय, हे आपल्याला ठाऊक आहे.
म्हणून कोरड्या मृगाची वर्षं बाजूला काढा.
उरली 10.
त्यांत 6.
धोका निम्म्याहून जास्त!

याला गणितात सशर्त संभाव्यता म्हणतात.
आधी अट, मग मोजणी.

आता अट बदला.
75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, मगच पेरा.
कृषी विभागही हेच सांगतो.
समजा, अशी 8 वर्षं निघाली.
ओढ बसली फक्त 2 वर्षांत.
धोका उरला पाव.

पुन्हा सांगतो.
आधी अट, मग मोजणी.

मृगाचं वाहन बेडूक असो की कोल्हा,
चाड्यावर मूठ धरण्याआधी
आपल्या महसूल मंडळाची पावसाची नोंद जरूर बघा.