छताचा पंखा : घेणारा कोण, बिल भरणारा कोण?



वसंत व्याख्यानमालेत पंख्यावर बोलायचे म्हटल्यावर श्रोत्यांनी थोडे हसावे हे साहजिकच आहे. ह्या व्यासपीठाला संतवाङ्मय शोभते, राज्यघटना शोभते; पंख्यावर दुकानदाराने बोलावे! परंतु चैत्र-वैशाखात नांदेड-लातूरकडे पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला की घरात जी वस्तू रात्रंदिवस थांबत नाही, ती विकत घेताना आपण काय पाहतो? रंग पाहतो, पात्यावरची सोनेरी पट्टी पाहतो आणि किंमत पाहतो. हा वीज किती खातो, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा.

आमच्या मुलुखात पंख्याची गरज पूर्वी एवढी नव्हती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद, अशा घरात भर दुपारीही अंगाला गारवा लागे. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच जड भिंती-माळवदांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर लोकांचा त्या घरावरचा विश्वास उडाला, आणि उडाला हे योग्यच झाले. जागोजाग सिमेंटचे स्लॅब आले, पत्रे आले. जीव सुरक्षित झाला. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. म्हणून छताला पंखा आला, आणि तो चैनीचा राहिला नाही.

कोणी म्हणतील, आमच्याकडे कूलर आहे. आहे, आणि कोरड्या हवेत तो उत्तम चालतो हेही खरे. पण त्याला पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातुरात कूलरची टाकी भरताना हात थोडा अडखळतोच. तेव्हा पंख्याला सुटका नाही.

मात्र पंखा खोली थंड करीत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तो फक्त अंगावरचा घाम लवकर वाळवतो आणि त्यामुळे आपल्याला बरे वाटते. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोणाच्याही उपयोगाचा नसतो. आणि हवा अंगापेक्षा बरीच तापली, म्हणजे चाळिशीच्या वर गेली, की पंखा गरम वाराच अंगावर टाकतो. अशा दुपारी म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना नुसत्या पंख्याखाली बंद खोलीत ठेवू नये. त्यांना पाणी द्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे.

आता विजेकडे वळू. आपल्या घरातला जुना चारफुटी पंखा, म्हणजे १२०० मिलीमीटरचा, पूर्ण वेगाला साधारण ७५ वॅट घेतो. त्याच्या मोटारीत फिरणाऱ्या भागाला स्वतःचे चुंबक नसते. आतल्या स्थिर गुंडाळ्यांतल्या विजेने त्यात वीज निर्माण करावी लागते, आणि ह्या उलाढालीत बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. तास-दोन तास चाललेला पंखा बंद करून मधल्या वाटीला हात लावावा, म्हणजे हे कळेल. ती ऊब आपण पैसे देऊन विकत घेतलेली असते, आणि तीही वैशाखात! नव्या पद्धतीच्या पंख्यात, ज्याला बाजारात बीएलडीसी म्हणतात, फिरत्या भागावर कायमची चुंबके बसवलेली असतात आणि वीज कोणत्या गुंडाळीत केव्हा सोडायची हे एक छोटे सर्किट ठरवते. तेवढाच वारा हा पंखा तीसएक वॅटमध्ये देतो. २०१२ साली आयआयटी मुंबईच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या ॲटमबर्ग कंपनीने हे पंखे घरगुती बाजारात रुळवले. आता बहुतेक जुन्या कंपन्याही ते करतात.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले. तारे कशावरून ठरतात? मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलली, तिला वॅटने भागायचे. त्या वेळी लागू झालेल्या कोष्टकात चारफुटी पंख्याला भागाकार चार आला तर एक तारा, सहा किंवा त्याहून अधिक आला तर पाच तारे. म्हणजे २१० घनमीटर हवा देणारा एकतारा पंखा सुमारे ५२ वॅट घेणार. तेव्हा दुकानात फेऱ्यांचा आकडा विचारून काही कळत नाही. सपाट पात्याचा पंखा गरगर फिरतो आणि हवा मात्र थोडीच ढकलतो. हवा किती आणि वॅट किती, हे दोनच आकडे वाचावेत.

हिशेब करू. होळीपासून दिवाळीपर्यंत आठ महिने, रोज सोळा तास, पूर्ण वेग, युनिटला सोयीसाठी आठ रुपये. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा लावला तर वर्षाला १७३ युनिटे, म्हणजे चौदाशे रुपयांच्या आसपास वाचतात. महावितरणचा दर शंभर युनिटांनंतर चढतो, म्हणून वाचलेली युनिटे बहुधा महागाचीच असतात. नव्या पंख्याला अडीच-तीन हजार पडले तरी दोन वर्षांत वसूल. पण पाहुण्यांच्या खोलीत दिवसाला दोन तास फिरणारा पंखा बदलण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. तिथे ही रक्कम निघायला पंधरा वर्षे लागतील. आणि काढलेला जुना पंखा ओसरीवर टांगला, तर वाचवलेली वीज ओसरीवर खर्च झाली. आपल्याकडे वस्तू टाकवत नाही, त्याला काय करणार!

इथवर ज्याचा पंखा त्याचेच बिल, असे आम्ही धरून चाललो. पण लातुरात हे खरे नाही, आणि आमच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा हाच आहे. ‘लातूर पॅटर्न’चे नाव ऐकून गावोगावची मुले-मुली अकरावी-बारावीला आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला इथे येतात, नांदेडलाही येतात. भाड्याच्या खोलीत राहतात, रात्री बारापर्यंत वाचतात, पंखा सतत चालू. म्हणजे सर्वांत जास्त चालणारे पंखे ह्या खोल्यांत आहेत. पण पंखा घेतो घरमालक, आणि वीजबिल भरतो कापूस-सोयाबीनवर घर चालवणारा मुलाचा बाप. मालक स्वस्तातला स्वस्त किंवा जुनाच रिवायंडिंग केलेला पंखा टांगतो. त्याला दोष तरी कसा द्यावा? खर्च त्याचा आणि बचत दुसऱ्याची! निजामाच्या काळात कचेरीत कापडी पंखा असे. दोरी ओढणारा बाहेर घामाघूम आणि वारा खाणारा आत. तो अन्याय डोळ्यांना दिसे. हा मीटरमध्ये लपलेला आहे.

ह्यावर उपाय आहे, आणि त्याला सरकार लागत नाही. मालकाने नवा पंखा लावावा आणि भाडे महिन्याला साठ रुपये वाढवावे. विद्यार्थ्याचे बिल हंगामात महिन्याला पावणेदोनशेने उतरते, दोघेही फायद्यात. वीज भाड्यातच धरलेली असेल तर मालकाने उशीर करणे हे निव्वळ स्वतःचे नुकसान आहे. मालक ऐकत नसेल तर बापाने पंखा घेऊन द्यावा आणि खोली सोडताना काढून न्यावा. मिस्त्रीचे अर्ध्या तासाचे काम आहे. खोली पाहायला जाताना नळाला पाणी किती वेळ येते हे आपण विचारतो, तसेच वर मान करून पंखा किती वॅटचा आहे हेही विचारावे.

घेताना दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. नव्या पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही. तो तारेतून काढून टाकावा लागतो. आणि कंडेन्सर बदलून जुना पंखा सुरू करणारा गल्लीतला मिस्त्री ह्याचे सर्किट दुरुस्त करू शकेलच असे नाही. म्हणून हमी किती वर्षांची आणि दुरुस्तीची सोय आपल्याच गावात आहे की संभाजीनगरला पाठवावे लागते, एवढे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. रिमोट हरवतो, विशेषतः लहान मुलांच्या घरात. तो वेगळा मिळतो का, हेही त्याच वेळी विचारावे.