सकाळी बोटं वळत नाहीत तेव्हा

(अहिल्यानगर जिल्ह्यातील डॉक्टर आणि आरोग्यसेविकांच्या सांधेदुखीविषयक प्रशिक्षणात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन गावोगावच्या बायकांबरोबर काम करणारी कार्यकर्ती आहे. सांधे कसे तपासायचे, कोणतं औषध किती द्यायचं, हे तज्ज्ञ तुम्हाला इथे शिकवणारच आहेत. मला बोलायचंय ते या आजारांच्या बाईविषयी. ती तुमच्यापर्यंत कशी पोचते, काय सांगते आणि तिचं सांगणं कुठे हरवतं, याविषयी.

आधी एक शेजारचा अनुभव. कर्जत-राशीनच्या लोकांना भिगवण काही परकं नाही. त्या भिगवणला १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने अनेक देशांत चाललेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता. ४०९२ प्रौढांची विचारपूस झाली. त्यांतल्या ७४६ जणांना, म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना, हाडासांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. सांधे विद्रूप करणारा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सुमारे अर्धा टक्का लोकांत सापडला. अर्धा टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण त्याचा अर्थ दर दोनशे प्रौढांमागे एक. हे प्रमाण धरलं तर दोन हजार प्रौढांच्या गावात असे दहा रुग्ण निघतील. ते रुग्ण पुण्याच्या तज्ज्ञाकडे आधी जात नाहीत, तुमच्याच बाकावर येऊन बसतात. आणि त्यांत बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतात. ल्युपससारख्या आजारात तर दहातल्या नऊ बायका, त्याही बहुतेक मूल होण्याच्या वयातल्या.

आता या आजाराची एक खूण बघा. झिजेच्या संधिवातात काम केल्यावर गुडघा दुखतो, बसलं की बरं वाटतं. सकाळी अंग आखडलंच तर ते सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं. आमवातात उलट. झोपून उठल्यावर हात आखडलेले, बोटं वळत नाहीत, आणि हे तासभर, कधी दोन-तीन तास चालतं. अकरा वाजता तीच बाई बऱ्यापैकी हिंडताफिरताना दिसते.

आपल्या जिल्ह्यात बाईची सकाळ कशी असते? पहाटे उठायचं, हंडा उचलायचा, गोठा झाडायचा, धार काढायची, भाकरी थापायच्या, पोरांचं आवरायचं. धार काढायला मूठ आवळावी लागते. भाकरीला मनगट लागतं. म्हणजे घराला तिच्या हातांची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तोच वेळ हा आजार हिरावून घेतो. आणि दुपारी ती चालती-बोलती दिसली, की सासू म्हणते, ‘सकाळीच बरं हिचं अंग मोडून येतं!’ वैद्यकाच्या पुस्तकात जे लक्षण पहिल्या पानावर आहे, त्याला घरात आळस म्हणतात, कामचुकारपणा म्हणतात. ही बाई दवाखान्यात येते तेव्हा ‘सकाळी उठवत नाही’ असं ती सांगतच नाही. तसं सांगितलं तर इथेही आपल्याला आळशीच ठरवतील, असं तिला वाटतं. ती एवढंच म्हणते, ‘अंग दुखतं.’

आणि ‘अंग दुखतं’ याला आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. रक्त कमी आहे. कॅल्शियम कमी आहे. टेन्शन घेते. पाळी जायची वेळ आली. बायकांचं असतंच. या प्रत्येकात कधीकधी तथ्य असेलही. पण हात हातात घेऊन न बघता यांतलं कोणतंही उत्तर देणं म्हणजे निदान नव्हे.

पाथर्डी भागातली एक ऊसतोड कामगार बाई मला आठवते. वय बत्तिशीचं. दोन हंगाम ती कारखान्याच्या तळावर इंजेक्शनं घेत होती, गावी आली की कसल्याशा पुड्या. दर वेळी आठ दिवस बरं वाटायचं. चेहरा गोल झाला तेव्हा आजूबाजूच्या बाया म्हणाल्या, तब्येत सुधारली. स्टेरॉइडनं चेहरा सुजतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तोवर बोटं वाकडी झाली होती. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही त्या जोडीवर मिळते. तिच्या हातात कोयता धरवेना, तेव्हा जोडी मोडली. पुढच्या हंगामाला नवऱ्याने दुसरी बाई आणली. हिचा आजार तेव्हाही कुणी नाव घेऊन सांगितला नव्हता. वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत नीट औषध मिळालं असतं, तर बहुधा ती वाचली असती. म्हणून म्हणते, या आजारात उशिरा झालेलं निदान म्हणजे बाईच्या आयुष्यातलं अर्धं निदान.

लवकर ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. आजाराचा संशय यायला तुमचे दहा बोटं आणि दोन-चार प्रश्न पुरतात. १९९२ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ‘गॅल्स’ नावाची एक झटपट तपासणी मांडली: चाल, हात, पाय आणि पाठीचा कणा बघायचा, आणि आधी तीन प्रश्न विचारायचे. सांधे, स्नायू किंवा पाठ दुखते-आखडते का? कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का? जिना चढता-उतरता येतो का? हे प्रश्न चांगले आहेत, पण आमच्या वाड्या-वस्त्यांवर जिनाच नाही. म्हणून आपण आपले प्रश्न करू. धुणं पिळता येतं का? भाकरी थापताना मनगट दुखतं का? अंबाडा घालायला हात वर जातो का? संडासला उकिडवं बसता येतं का? बांगड्या चढतात का? हा शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा. मनगट सुजल्यामुळे बांगड्या उतरवलेली बाई घरात बोलणी खात असते, आणि ती सूज तपासायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

मग तिला मूठ वळायला सांगा, नमस्कार करायला सांगा. बोटांच्या मुळाशी पंजा आडवा धरून हलकेच दाबा, पावलालाही तसंच करा. दुखलं, तीन किंवा जास्त सांधे सुजलेले असले, सकाळचं आखडणं अर्ध्या तासाहून जास्त असलं, तर वाट बघू नका, तज्ज्ञाकडे पाठवा. चिकुनगुन्यानंतरही सांधे महिनोन्‌महिने धरतात, २००६ च्या साथीत महाराष्ट्राने ते पाहिलं आहे. तेव्हा तापाची चौकशीही करा. पण ‘चिकुनगुन्याचं असेल’ म्हणून वर्ष घालवू नका.

रक्ताच्या तपासणीविषयी एवढंच. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही, असं नाही. सुरुवातीला तो बऱ्याच जणींत निगेटिव्ह असतो. आणि तो निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकतो. एएसओ ही तपासणी मुख्यतः लहान मुलांच्या ऱ्हुमॅटिक तापासाठी, ज्यात हृदयाच्या झडपा बिघडतात. चाळिशीच्या बाईच्या जुन्या सांधेदुखीत ती करून तिचे पैसे का घालवायचे?

सांधेदुखीबरोबर केस गळतात, तोंडात फोड येतात, गालावर लाली आहे, गर्भ पुन्हा पुन्हा पडतो, असं दिसलं तर ल्युपसचा विचार करा. लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासता येतो. गर्भ टिकत नाही म्हणून जिला घरात दोष देतात, तिच्या रक्तात कारण असू शकतं, हे घरच्यांना डॉक्टरनेच सांगायला हवं. आमच्यासारखीने सांगून त्यांना पटत नाही.

औषधांतही बाईचं आयुष्य येतं. आमवातात मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध आहे, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. न वाचता येणाऱ्या बाईला चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एकदा’ काय कळणार? तिला सांगा, बाजाराच्या दिवशीची गोळी. आठवडी बाजार तिला पाठ असतो. फॉलिक अॅसिड कधी घ्यायचं ते वेगळं सांगा, रक्ताची तपासणी किती दिवसांनी ते सांगा. हे औषध गर्भाला घातक आहे. तेव्हा मूल हवंय का, पाळी चुकली का, काय वापरता, हे तिला एकटीला विचारा. सासू-नवऱ्यासमोर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिचं नसतं. आणि जी बरेच महिने स्टेरॉइडवर आहे तिचं औषध एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. तोडीला जाणाऱ्या बाईच्या हातात आजाराचं नाव, औषध आणि पुढची तारीख लिहिलेलं कार्ड द्या. ती सहा महिने तुमच्या टप्प्यात नसते.

कुणी म्हणेल, इतकं सगळं कोण बघणार? याच जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. अंगावरचा चट्टा बघून कुष्ठरोग ओळखणाऱ्या बायका या मातीत तयार झाल्या. मग सुजलेलं मनगट ओळखायला आशाताईला काय अवघड आहे? तिला शिकवा, आणि तिने पाठवलेल्या बाईला परत लावू नका.

आमच्या संघटनेच्या तीन मागण्या आहेत. या प्रशिक्षणात आशा आणि सिस्टर यांना शेवटच्या रांगेत बसवू नये, हात तपासायला पुढे घ्यावं. ज्या बायकांना हा आजार आहे त्यांना शिकवायला बोलवावं, परदेशात रुग्णच डॉक्टरांना सांधे तपासायला शिकवतात, असे कार्यक्रम चालले आहेत. आणि ग्रामीण रुग्णालयात ही औषधं व त्यांच्या रक्ततपासण्या नियमित मिळाव्यात. नाहीतर निदान होईल आणि गोळी मिळणार नाही.

प्रशिक्षण संपल्यावर तुम्हाला प्रमाणपत्र मिळेल. आम्ही मात्र एवढंच विचारत राहू, की या महिन्यात ‘अंग दुखतं’ म्हणणाऱ्या किती बायकांचे हात तुम्ही हातात घेऊन पाहिलेत? तो आकडा तुमच्या रजिस्टरमध्ये लिहा. पुढच्या तिमाहीत आम्ही तो बघायला येऊ.