बर्फ मासळीला, तसाच औषधालाही
(मिरकरवाडा, रत्नागिरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मिरकरवाड्याला बर्फाचे महत्त्व सांगण्याचे धाडस मी करणार नाही. वेळ चुकली की मासळी मातीमोल होते, हे येथील लहान मूलही जाणते. आज बोलावयाचे आहे ते मासळीहून मोलाच्या, पण तितक्याच वेळेला बांधलेल्या वस्तूविषयी, औषधाविषयी.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत. विष हृदयावर आघात करी, फुप्फुसांत पाणी भरे. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे उपाय सापडला तो प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीत. गोळी बाजारात होतीच. ती आणि ती केव्हा द्यावी याचे ज्ञान, दोन्ही खेड्यात एकत्र पोहोचली, तेव्हा मृत्यू हटला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती या तपश्चर्येचीच पावती होय.

आपल्या कातळावर फुरसे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच लस चालते. ती द्रवरूप असेल तर २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. भुकटीची कुपी शीतकपाटाविनाही टिकते. म्हणून कोणती कुपी घ्यावी, हे शहराकडे नव्हे, वीज जाणाऱ्या शेवटच्या केंद्राकडे पाहून ठरले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ साली केली, भारताने १९९६ साली. २००८ साली जनऔषधी योजना आली. २००१ साली 'सिप्ला'ने एड्सवरील औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि आफ्रिकेला आशा मिळाली. जगाला स्वस्त औषध देणाऱ्या या देशात आपलाच शेतकरी लशीवाचून जावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. यादी केली म्हणजे औषध पोहोचले, असे होत नाही.

मग आपण काय करावे? पावसाळ्यापूर्वी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन नम्रपणे विचारावे : सर्पदंशाची लस किती आहे, तिची मुदत कधी संपते, वीज गेल्यास काय व्यवस्था आहे? दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे. त्यासाठी वाडीतील एक वाहन आधीच ठरवून ठेवावे.

मासळी मुंबईला वेळेवर पोहोचविण्याची शिस्त या बंदराला ठाऊक आहे. तीच शिस्त औषधासाठी उलट दिशेने, गावाकडे वळवावयाची आहे.