लज्जेच्या आड राहणारे रोग



ओठाच्या कडेला किंवा जिभेवर एखादा व्रण उठला की मराठी घरात त्याचे निदान डॉक्टरकडे जाण्यापूर्वीच झालेले असते. उष्णता वाढली, असे वडीलधारी माणसे सांगतात. गुलकंद, सब्जा, जिऱ्याचे पाणी यांची योजना होते आणि काही दिवसांत व्रण भरून येतो. बहुतेक वेळा या निदानाने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु क्वचित तो व्रण उष्णतेचा नसून उपदंशाचा असतो. या रोगाचा विशेष असा की त्याचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधावाचूनही नाहीसा होतो. यश गुलकंदाच्या पदरात पडते. रोगाचा जंतू मात्र रक्तात शिरून आपला प्रवास चालू ठेवतो. याच रोगाला बोली मराठीत ‘गरमी’ म्हणत आले आहेत. नावाने उष्णतेशी जोडलेला हा रोग उष्णतेच्याच समजुतीआड लपावा, हा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

उपदंशाचा व्रण तोंडात कसा येतो, हा प्रश्न विचारण्यास लोक संकोचतात आणि त्याचे उत्तर देण्यास त्याहून अधिक संकोचतात. उत्तर साधे आहे. शरीराच्या ज्या भागाचा रोगजंतूशी स्पर्श होतो, त्या भागी व्रण उठतो. मुखमैथुनात तो भाग ओठ, जीभ किंवा घसा असू शकतो; आणि एकाच्या तोंडात व्रण असल्यास रोग दुसऱ्याच्या जननेंद्रियाकडे जाऊ शकतो. या मार्गाने गर्भ राहत नाही, म्हणून त्यात धोकाही नाही, असा समज अनेकांच्या मनात असतो. गर्भ न राहणे आणि रोग न जडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणी त्यांना सांगितलेले नसते.

या रोगाविषयी माणसाने सत्याकडे पाठ फिरवण्याची परंपरा जुनी आहे. १४९५ साली नेपल्सच्या स्वारीनंतर तो युरोपात भयंकर वेगाने पसरला, तेव्हा इटलीतील लोक त्याला फ्रेंच रोग म्हणू लागले आणि फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणू लागले. रशियात तो पोलंडचा रोग झाला. आपल्याकडे सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाश’ ग्रंथात त्याचे वर्णन ‘फिरंगरोग’ या नावाने केले. त्याच शतकात गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि त्यात या रोगावर वापरल्या जाणाऱ्या चोपचिनीची चर्चा आहे. प्रत्येक समाजाने हा रोग शेजाऱ्याचा ठरवला. तो आपला आहे असे कोणीच म्हटले नाही. आजचा मनुष्यही थोड्याफार फरकाने तेच करतो. असले रोग वाईट चालीच्या लोकांना होतात, असे म्हणून तो निर्धास्त राहतो.

जंतूला चालचलन कळत नाही. उपदंशाचा जंतू १९०५ साली बर्लिन येथे शाउडिन आणि हॉफमान यांनी शोधून काढला. पुढच्याच वर्षी वासरमान यांच्या नावाने ओळखली जाणारी रक्तपरीक्षा आली. आणि १९४३ साली अमेरिकेत महोनी यांनी पेनिसिलीनने हा रोग बरा होतो हे दाखवून दिले. ज्या रोगापुढे चार शतके वैद्यांनी हात टेकले, तो आरंभीच्या अवस्थेत आज बेंझाथीन पेनिसिलीनच्या चोवीस लाख युनिटांच्या एका मात्रेने बरा होतो. जुन्या झालेल्या रोगाला आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा लागतात. औषध स्वस्त आहे आणि त्याची धारही बोथट झालेली नाही. उणीव आहे ती रोग वेळीच ओळखण्याची.

मुखावाटे होणारा संसर्ग किती खरा आहे, याची साक्ष अमेरिकेतील शिकागो शहरात मिळाली. तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी २००० ते २००२ या काळात नव्याने उपदंश झालेल्या रुग्णांशी विश्वासाने बोलून माहिती घेतली. रोग जडण्याच्या संभाव्य काळात आपला संबंध केवळ मुखमैथुनापुरताच होता, असे शंभरांतील सुमारे चौदा जणांनी सांगितले. हा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियाही होत्या आणि पुरुषही होते. त्या रुग्णांना कोणी न विचारता सोडले असते, तर ते कारण त्यांच्या मनातच राहिले असते.

व्रण दिसतो तरी. घशातील परमा तर बहुधा दिसतही नाही. परम्याचा जंतू १८७९ साली नाइसर यांनी शोधला. मूत्रमार्गात शिरल्यावर तो पुरुषांत बहुधा जळजळ आणि पू यांनी आपली वर्दी देतो. घशात तो बसला, तर क्वचित थोडी खवखव होते. पुष्कळदा तेवढेही होत नाही. मनुष्य जेवतो, बोलतो, गातो, आणि आपण निरोगी आहोत असे मानून दुसऱ्यास रोग देतो. शिवाय घशात औषध तितकेसे प्रभावीपणे पोहोचत नाही, आणि तेथे आधीच वस्तीला असलेल्या निरुपद्रवी जंतूंकडून हा जंतू औषधाला न जुमानण्याचे गुण उचलतो. सेफ्ट्रिॲक्सोन या आजच्या मुख्य औषधाला मोठ्या प्रमाणावर दाद न देणारा परम्याचा जंतू जपानमधील क्योटो येथे २००९ साली प्रथम हाती लागला, तो घशातून घेतलेल्या नमुन्यातच. २०१८ साली ब्रिटनमधील एका रुग्णाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. इंजेक्शनानंतर त्याच्या मूत्रमार्गातील संसर्ग गेला. घशातील मात्र टिकून राहिला. दुसरे औषधही फसले. अखेर तीन दिवस शिरेवाटे आणखी एक औषध दिल्यावर घसा निर्मळ झाला. त्या रुग्णाची फक्त लघवी तपासली असती, तर तो बरा झाला असे समजून घरी गेला असता.

या एका गोष्टीतच तपासणीचे मर्म आहे. परम्याच्या बाबतीत तपासणी जेथे होते तेथलेच उत्तर देते. लघवी निर्दोष ठरली, म्हणून घसा निर्दोष ठरत नाही. यास्तव डॉक्टरला स्पष्ट सांगावे लागते की संबंध मुखावाटे आला होता. ते कळल्यावर डॉक्टर घशातून स्वॅब घेतात. त्यास काही क्षणांचा ठसका लागतो, यापलीकडे त्रास नाही. उपदंश आणि एच.आय.व्ही. यांसाठी रक्त तपासले जाते. घशाच्या नमुन्याची तपासणी प्रत्येक लहान गावी होत नाही. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील त्वचारोग व गुप्तरोग विभागात चौकशी करणे श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट काळाची. संबंधाच्या दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. उपदंशाचा व्रण दहा ते नव्वद दिवसांत, सरासरीने तीन आठवड्यांनी उठतो, आणि अगदी आरंभी रक्तपरीक्षा निर्दोष येऊ शकते. मुखमैथुनाने एच.आय.व्ही. जडण्याचा संभव फार थोडा आहे. तथापि त्याच्या रक्तपरीक्षेचे उत्तर निश्चित मानण्यास, परीक्षेच्या प्रकाराप्रमाणे, तीन महिन्यांपर्यंत थांबावे लागते. म्हणून पहिली तपासणी केव्हा आणि दुसरी केव्हा, हे डॉक्टरला विचारून ठरवावे. घशातील परम्यावर उपचार झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी घसा पुन्हा तपासून घ्यावा. जोडीदारावरही उपचार झाले पाहिजेत. नाही तर एकाचा रोग दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचा पुन्हा पहिल्याकडे, असा फेरा संपत नाही. ज्या पुरुषांचे पुरुषांशी असे संबंध येतात, त्यांनी लक्षण नसले तरी वर्षातून एकदा तरी, आणि जोडीदार बदलत असल्यास तीन ते सहा महिन्यांनी, तपासणी करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

प्रतिबंधाचे मार्गही आहेत. मुखमैथुनाच्या वेळीही निरोध वापरल्यास, किंवा स्त्रीच्या बाबतीत रबराचा पातळ पडदा वापरल्यास, धोका पुष्कळ कमी होतो. ओठावर फोड असताना संबंध टाळावा, कारण ओठावरच्या नागिणीचा विषाणूही याच वाटेने जातो. पॅपिलोमा विषाणूच्या एका प्रकाराने घशाचा कर्करोग होतो, हेही आता निश्चित झाले आहे. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू हेच आहे, परंतु या विषाणूवर लस आहे, आणि पुण्यात तयार झालेली अशी भारतीय लस २०२३ पासून मिळू लागली आहे. ती किशोरवयातच घेतल्यास सर्वांत उपयोगी पडते.

राहता राहिली लज्जा. ती सर्वस्वी वाईट नव्हे. परंतु डॉक्टरच्या दारात तिचे काम संपते. एके काळी या भीतीस कायद्याचाही आधार होता. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाखाली मुखमैथुन हाही गुन्हा ठरू शकत असे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या खासगी संबंधांना त्या कलमातून मुक्त केले. एच.आय.व्ही. विषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला असून, संमतीवाचून तपासणी करता येत नाही व तिचे फळ गुप्त राखले पाहिजे, असे तो सांगतो. सरकारी रुग्णालयांत या रोगांसाठी चिकित्सालये आहेत, आणि १०९७ या निःशुल्क क्रमांकावर नाव न सांगताही सल्ला मिळतो.

जो हे सर्व जाणूनही गप्प राहतो, त्याच्या मौनाची किंमत बहुधा त्याला एकट्याला द्यावी लागत नाही. आपल्या पत्नीला काय दिले हे त्याला ठाऊक नसते. आणि ती गर्भवती असेल तर उपदंशाचा जंतू वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतो. काही बाळे जन्मापूर्वीच दगावतात, काही हाडांत आणि डोळ्यांत रोग घेऊन जन्मतात. गर्भारपणाच्या आरंभीच रक्त तपासून पेनिसिलीन दिले, तर हे सारे बहुतेक टळते. एका बाजूला डॉक्टरपुढे उच्चारायचे एक अवघड वाक्य आणि दुसऱ्या बाजूला ज्याने कोणताही अपराध केलेला नाही अशा बाळाचे आयुष्य. ते वाक्य डॉक्टरांनी याआधी पुष्कळदा ऐकलेले असते. ते उच्चारण्यास लागतो केवळ अर्धा मिनिट.