नेटवर्क कार्डाची पारख

सोनें घेतांना डबीवरील नक्षी पाहून कोणी दाम मोजीत नाहीं; सोनार तें कसोटीवर घासून पाहतो. नेटवर्क कार्ड घेतांना मात्र पुष्कळांची नजर खोक्यावरील नांवावरच खिळते. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या बाबतींत ही चूक महागांत पडते. ऐन वेळीं जोडणी तुटते आणि मुलाची परीक्षा, किंवा दूरदेशींच्या मुलीशीं चाललेलें संभाषण, अर्ध्यावरच राहतें.

लिनक्स ही प्रणाली १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें सुरू केली. तिची मूळ आज्ञावली कोणासही वाचतां व सुधारतां येते. परंतु प्रत्येक कार्डाची भाषा निराळी. ती जाणणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आरंभीं इथरनेट कार्डांसाठीं असे अनेक ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनीं लिहिले. १९९४ सालीं नासामध्यें त्यांनीं व थॉमस स्टर्लिंग यांनीं सोळा साध्या संगणकांची सांगड घालून ‘बेवुल्फ’ हा समूह उभारला, तो याच बळावर.

कारखानदारानें ही भाषा गुप्त ठेवली तर दुभाषा मिळणें कठीण. ब्रॉडकॉमच्या वायरलेस चिपांची माहिती स्वयंसेवकांना कंपनीच्या तयार ड्रायव्हरचें अवलोकन करून हुडकावी लागली. अखेर २०१० सालीं नव्या चिपांसाठीं कंपनीनेंच खुला ड्रायव्हर दिला.

उघडें तें सर्व निर्दोष, असेंही नव्हे. २००८ सालीं कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चांचणी-प्रतींमुळें इंटेलच्या कांहीं कार्डांतील कायम स्मृति बिघडून तीं निकामी होऊं लागलीं. परंतु सर्व आज्ञावली डोळ्यांसमोर होती. अंतिम आवृत्तीपूर्वींच ड्रायव्हरांत संरक्षक तरतूद झाली, आणि मूळ दोष कर्नलमधील दुसऱ्याच भागांत असल्याचें लवकरच उघडकीस आलें. दोष शोधावयास वाट मोकळी असणें, हीच विश्वासाची खरी खूण होय.

म्हणून सुज्ञ ग्राहकानें नांव न पाहतां चिप पाहावी. एकाच नांवाच्या कार्डांत पुढील खेपेस निराळी चिप असूं शकते. ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा दिली कीं दोन क्रमांक दिसतात. पहिला निर्मात्याचा, दुसरा नमुन्याचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. त्या नमुन्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येंच आहे काय, हें आधीं पाहावें. मग कार्ड परत घेण्याची दुकानदाराची मुदत संपण्यापूर्वीं रात्रभर मोठ्या फाईली पाठवून त्याची परीक्षा घ्यावी. कसोटीचा दगड ज्याच्या त्याच्या हातीं आहे. तो वापरण्याचें कष्ट तेवढे घ्यावयास हवेत.