गाडी कुणाची?

(खोपोलीत ड्रायव्हर, क्लीनर आणि गॅरेजातल्या पोरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या नखात काळं ऑइल आहे. साबणानं ते जात नाही, लग्नाच्या पंगतीत हात लपवून जेवावं लागतं. तेव्हा मी तुम्हाला गाडी शिकवायला उभा नाही. ज्याची स्वतःची एक गाडी आहे, जो स्वतः चालवतो आणि बंद पडली की स्वतःच खाली घुसतो, त्याच्याबद्दल बोलायचंय. देशातले बहुतेक ट्रक अशाच लहान माणसांचे, एक, दोन, फार तर पाच गाड्यांचे. त्या माणसाला मालक म्हणतात. मला विचारायचंय, कशाचा मालक?

आरसी बुक काढून बघा. वर तुमचं नाव. खाली फायनान्सवाल्याचा बोजा, सातबाऱ्यावर सोसायटीचा असतो तस्सा. हप्ते थकले की रस्त्यात गाडी अडवणारे तुमच्या नावाला विचारत नाहीत. म्हणजे कागदावरची मालकी अर्धीच. उरलेली अर्धी पान्यातून आली. गाडी बंद पडली तर मी ती उघडू शकतो, दुखणं शोधू शकतो, पुन्हा रस्त्याला लावू शकतो, ह्या एका गोष्टीवर आपला माणूस मालक म्हणून उभा राहिला.

गावगाड्यात हत्याराला जात होती. भाता लोहाराचा, वाकस सुताराचा, रापी चांभाराची. आपल्या वाट्याला मेलेलं ढोर, वेसकरकी आणि सांगावा घेऊन पळणं. इंजिन आलं तेव्हा त्याला बलुतेदारच नव्हता. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. त्या डिझेल इंजिनाची पोथी इथं कुणाच्या बापाला पाठ नव्हती. खाली घुसेल तो शिकेल, असा मामला. म्हणून ज्या पोराला गावात सुताराच्या हत्याराला हात लावू दिला नसता, तो हायवेवर कुणा सरदारजीच्या, कुणा मुसलमान उस्तादाच्या हाताखाली मिस्त्री झाला. एवढं लगेच सांगतो, की गॅरेज म्हणजे काही समतेचं राज्य नव्हतं. डिझेलमध्ये पार्ट धुवायला, चिखलात पाठ टेकायला कुणाला पाठवायचं हे तिथंही ठरलेलं असायचं. आणि उस्ताद शिव्या घालून शिकवायचे, अर्धी विद्या मुठीत ठेवून.

तरी विद्या मिळाली. आणि ती किती बारीक आहे! हातोडी टायरवर मारून आवाजावरून कुठल्या जोडीतला आतला टायर बसलाय ते ओळखायचं. धूर बघायचा. काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघ, खडीच्या धुळीनं चोंदला असेल. निळा असेल तर ऑइल जळतंय. गेज काढल्यावर ऑइल दुधासारखं दिसलं तर इंजिनात पाणी उतरलंय, सेल्फ मारू नकोस. डिझेल संपून लाइनीनं एअर धरली तर फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. हे विज्ञान आहे, मित्रांनो. बाप अंगठेबहाद्दर असला म्हणून त्याचं विज्ञान कमअस्सल ठरत नाही.

आणि आपल्याकडं त्याची परीक्षा घाट घेतो. पुण्याकडं जाणारा बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला, रेल्वे १८६३ साली घाट चढली. आजही गाड्यांना मागून ढकलायला कर्जतला जादा इंजिनं लागतात. ट्रकच्या मागं ढकलायला कोण? क्लीनर, हातात दगड घेऊन, गाडी मागं सरकली तर चाकाला लावायला.

चढण माणसाला दमवते, मारते ती उतरण. भरलेली गाडी, पाय ब्रेकवर. लायनर ड्रमला घासतो, घासून तापतो, तापला की पकड सोडतो. मग पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. कुणी डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतो. त्याहून शहाणा इंजिनच बंद करतो. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कंप्रेसर बंद, टाकीत शिल्लक असेल तेवढ्याच हवेचे ब्रेक. वर पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं. जुने लोक सांगायचे, ज्या गेअरात चढशील त्याच गेअरात उतर. इंजिनानं गाडी धरली की ब्रेक थंड राहतात. सकाळी हवेच्या टाकीतलं पाणी काढायला दोन मिनिटं लागतात. आपल्या पावसाच्या मुलखात तर ते चुकवूच नका.

हे सगळ्यांना माहीत आहे. तरी न्यूट्रल का मारतात? वर्तमानपत्रात 'चालकाचे नियंत्रण सुटले' एवढं छापून येतं. भाडं परवडत नाही, म्हणून माणूस घाटात दोन-चार लिटर डिझेल शोधतो, हे कुणी छापत नाही.

आता हिशेबाचं बोलू, कारण ह्यात आपलीच माणसं फसतात. क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवायचा, चढवायचा, दोन माणसांचा दिवस जातो. गॅरेजवाल्यानं केलं तर तो मजुरी घेतो आणि तुम्ही ती वहीत लिहिता. स्वतः केलं तर काय लिहिता? शून्य. रात्री दोनपर्यंत कमानपाटा बदलला, बायको टॉर्च धरून उभी होती. तुमचं शून्य, तिचं तर नावच नाही. आणि सकाळी त्याच शून्यावर तुम्ही ट्रान्सपोर्टवाल्याला भाडं सांगता. ते शून्य हरवत नाही, बरं का. ते त्याच्या खात्यात नफा होऊन बसतं. खोपोलीच्या कारखान्यातलं लोखंड, कर्जतची वीट, बंदरावरचा कंटेनर, सगळा माल स्वस्तात हलतो त्यात आपल्या रात्री मिसळलेल्या आहेत. स्वतः दुरुस्ती करणं म्हणजे बचत, असं सांगणाऱ्याला विचारा, बचत कुणाची?

त्याच घाईत माणसं मरतात. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली झोपू नका. डंपरचा हौदा वर करून काम करायचं तर लोखंडी टेकू आधी लावा. पाइप फुटला तर हौदा तुम्हाला हाक मारून खाली येत नाही. एक्स्प्रेसवेवर तर गाडी उघडूच नका. तो २००२ साली पुरा झाला तेव्हापासून तिथं बिघाड म्हणजे क्रेन, आणि क्रेन म्हणेल ते पैसे.

जुन्या रस्त्यानं घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. आपण चालत्या गाडीतून नाणं टाकतो. गोष्ट अशी सांगतात की साहेबाला घाटातली वाट सापडेना, ती धनगरानं दाखवली, आणि वाट कळल्यावर साहेबानं त्यालाच गोळी घातली. गोष्ट खरी का खोटी ते सोडा, घाटातल्या माणसांनी ती का जपली ते बघा. ज्याला वाट ठाऊक त्याच्याकडून वाट काढून घ्यायची, मग त्याची गरज संपली.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सच्या गाड्या आल्या. इंजिनाचा कारभार आता कॉम्प्युटर बघतो. धूर गाळायला जाळी, सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी, जागोजाग सेन्सर. युरिया संपला किंवा सेन्सर बिघडला तर गाडी स्वतःच ताकद कमी करते. भरलेली गाडी चढावर गोगलगाय होते आणि पंचवीस वर्षांचा मिस्त्री बाजूला हात पुसत उभा राहतो. पान्यानं उघडायला तिथं काही नाहीच. स्कॅनर पाहिजे, त्यातलं सॉफ्टवेअर कंपनीचं, त्याचा पासवर्ड कंपनीचा.

ह्यावर जाळी काढून फेका, सेन्सरला चकवा द्या, असं सांगणारे मिस्त्री भेटतील. त्यांचं ऐकू नका. हायवेच्या कडेला वस्ती आपलीच आहे, ती काजळी आपलीच पोरं ओढतात. स्वच्छ धूर आपल्याला पाहिजेच. पण धूर स्वच्छ करण्यासाठी ज्ञान कुलपात कशाला? धुराचा आणि पासवर्डचा संबंध काय?

२०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड ठोकला. कारण हेच, बाहेरच्या मिस्त्रीला सुटे भाग आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत. खटला कारगाड्यांचा होता, मुद्दा आपलाही होता. कंपन्या कोर्टात गेल्या. २०२२ साली केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात वाहनंही धरली, वेबसाइट काढली. वेबसाइटवर घाट चढत नाही.

आपल्या जिल्ह्याला हा खेळ जुना आहे. हा कुलाबा जिल्हा होता तेव्हा कूळ राबायचं आणि खोत न्यायचा. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, जमिनी पड ठेवल्या. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती मोडायचं बिल मांडलं. आज हप्ता भरणारा, टायर झिजवणारा, घाटात जीव टाकणारा एक, आणि गाडीच्या डोक्याची किल्ली दुसऱ्याकडं. ह्याला मालक म्हणायचं की कूळ?

तेव्हा मागायचं ते नेमकं मागा. एररचे कोड आणि दुरुस्तीची पुस्तकं मराठीत, उघडी. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या पोरांना खऱ्या बीएस-सिक्स इंजिनावर काम. ते मिळेपर्यंत चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून बाजारातला स्कॅनर घ्या. तो सगळं उघडत नाही, पण निदान दुखणं कुठं आहे ते सांगतो आणि सर्व्हिस सेंटरवाला काय थापा मारतोय ते कळतं.

रविवारी सकाळी आपण एका जुन्या गाडीचा मागचा हब उघडणार आहोत. तापून चिरलेला ड्रम कसा दिसतो ते पोरांना दाखवायचंय. कपडे जुने घाला. आणि हिशेबाची वही आणा, तिच्यात तुमच्या रात्रींची मजुरी भरायला बसू.