कारभारी कोणाला जबाबदार?



1882 साली कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वय कोवळे, प्रकृती नाजूक. संस्थानचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली कारभारी महादेव बर्वे पाहत होते. महाराजांचा छळ होतो, अशी कुजबुज होती. पण कारभाऱ्याला जाब विचारावा अशी प्रजेची सभाच इथे नव्हती. शेवटी हा आरोप पुण्याच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’त छापून आला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर संपादकांची भिस्त होती ती बनावट निघाली आणि टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले.

भर सभेत प्रश्न विचारायची सोय असती, तर कागद मागवता आले असते, बर्व्यांनाही आपली बाजू तिथेच मांडता आली असती. ती सोय नसली की प्रजेच्या हाती अफवा उरते आणि कारभाऱ्याच्या हाती कोर्टकचेरी.

राजा आहे आणि संसदही आहे, अशा देशात पंतप्रधानाचे खरे काम असा जाब देण्यातच कळते. ब्रिटनचा पंतप्रधान दर आठवड्याला राजाला भेटतो. त्या भेटीला तिसरे कोणी नसते, बोलण्याची नोंदही ठेवत नाहीत. राजाने सल्ला द्यावा, धीर द्यावा, वेळीच सावध करावे. निर्णय मात्र मंत्रिमंडळाचा. अधिवेशन चालू असताना दर बुधवारी हाच पंतप्रधान संसदेत उभा राहतो आणि विरोधकांच्या प्रश्नांना सगळ्या देशासमोर उत्तरे देतो. हुकूम राजाच्या नावाने निघतो, त्याचा दोष पंतप्रधान आपल्या माथी घेतो. सभागृहाचा विश्वास उडाला, तर राजाची मर्जी त्याला वाचवू शकत नाही.

आपल्या संस्थानी दिवाणाचे तसे नव्हते. त्याला नेमणारा दरबार, वर नजर ठेवणारा इंग्रज अधिकारी. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानच्या नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. तो हुकूम थोर होता. पण त्याचा सारा आधार एका राजाचे मन हाच होता. तसे मन पुढच्या राजाला लाभेलच, याची हमी कोण देणार? म्हणूनच 1939 साली माधवराव बागलांसारख्या कार्यकर्त्यांनी प्रजा परिषद उभी केली आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली.

त्याच वर्षी जानेवारीत, शेजारच्या औंधात, राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपण होऊन राज्याचे अधिकार प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपवले. नव्या घटनेच्या मसुद्यामागे गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रिडमन यांची मेहनत होती. पाया गावच्या पंचायतीचा होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत विलायतेत शिकून आलेले बॅरिस्टर. त्यांनी या कामात स्वतःला झोकून दिले आणि पुढे ते संस्थानचे पंतप्रधान झाले. राजा गादीवर राहतो आणि तरी कारभार लोकांना जबाबदार होतो, हे एका लहानशा दुष्काळी संस्थानाने करून दाखवले. त्याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

1948 च्या मार्चमध्ये औंध आणि 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले. राजे गेले, पण ही पद्धत राहिली. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार असते. पंतप्रधान कितीही लोकप्रिय असो, त्याची सत्ता सभागृहाच्या विश्वासावर उभी असते. तो विश्वास तपासला जातो प्रश्नांनी.

म्हणून श्रोतेहो, आपला खासदार लोकसभेत काय विचारतो, याकडे लक्ष ठेवा. अधिवेशनात तो गप्प बसला, तर गावी आल्यावर त्याला कारण विचारा. ग्रामसभेला जा, तिथे हिशेब मागा. कोल्हापूरच्या प्रजेला 1882 साली ही सोय नव्हती. आपल्याला आहे, ती वापरा.